उभ्या धानातली आडवी रेघ

करुणा,

तुझा हातोडा माझ्या गोडाऊनमध्येच राहिला. लोखंडी पाट, केबलचं भेंडोळं आणि खुट्यांची पेटीही तिथेच होती. भादव्यातल्या त्या सर्व्हेनंतर तू म्हणाली होतीस, "राहू दे तुह्यापाशी, पुढच्या कामाले घेऊन जातो." काल मी ते सगळं बाहेर काढलं, तुला न विचारता. विचारणार तरी कुणाला? काय झालं ते सांगायला बसलोय, आणि सांगताना भांडणही होणार. आपलं बोलणं भांडणाशिवाय कधी पार पडलंय?

तू गेल्यापासून जो भेटतो तो एकच वाक्य म्हणतो. "करुणाताईचा सर्व्हे कधी चुकला नाही." विहारात म्हणतात, चहाच्या टपरीवर म्हणतात, परवा मोहाडीच्या बाजारात कांदे घेताना एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं. मी मान हलवत राहिलो. आणि प्रत्येक वेळी तिथून लवकर निघालो, कारण तुझा शेवटचा सर्व्हे चुकला होता. हे तुला माहीत होतं आणि मला. तू निघून गेलीस आणि ते ओझं एकट्या माझ्या डोक्यावर ठेवून गेलीस. याबद्दल मी तुझ्यावर रागावलोय, हे आधी सांगून टाकतो.

तुझी-माझी पहिली गाठ वरठीची. रेल्वेलाईनच्या अलीकडे मला एक गोदाम बांधायचं होतं. खड्डे खणून झाले होते, मुरूम लागला होता, माझ्या हिशेबानं काम सुरू करायला हरकत नव्हती. पण मालकाला कुणीतरी सांगितलं की नागपूरहून शिकून आलेली एक मुलगी जमीन न खणता खालचं पाहते. तू स्कूटीवर आलीस, मागं पेटी बांधलेली. मी म्हटलं, "मॅडम, मुरूम लागला. आता आणखी काय पाहायचं?" तू म्हणालीस, "मुरमाच्या खाली काय हाय ते."

मग तू ओळीनं खुट्या ठोकल्यास. खरं नाव जिओफोन, पण गावोगावी लोक त्यांना खुट्याच म्हणायचे आणि तूही म्हणायला लागली होतीस. एका टोकाला लोखंडी पाट ठेवायचा, त्यावर हातोडा मारायचा, आणि तो धक्का जमिनीतून कोणत्या खुटीपर्यंत किती वेळात पोचला ते मशीन टिपणार. खडकातून धक्का झपाट्यानं जातो, भुसभुशीत भरणातून रेंगाळत जातो. एवढंच त्यातलं शास्त्र, असं तू सांगायचीस. मात्र हातोडा पडताना आजूबाजूला कुणी हलायचं नाही. पाऊल टाकलं तरी खुटी ते ऐकते. त्यात वरठीला मालगाड्यांची रांग! गाडी गेली की तू हात वर करायचीस, सगळे पुतळे, आणि हातोडा उचलेपर्यंत दुसऱ्या गाडीची शिट्टी. माझ्या नाकी नऊ आले. मी एका जागी उभा राहणारा माणूसच नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत, एका पायावरून दुसऱ्या पायावर. तू तिकडून ओरडलीस, "ओ ठेकेदार, हालू नोका!" मग मला बोलावून पडद्यावरची एक वाकडीतिकडी रेघ दाखवलीस. "हे पाहा. हा तुमचा डावा पाय."

त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी ठेकेदारच राहिलो. गुणवंत हे नाव तू फक्त चिडल्यावर वापरायचीस. गोदामाच्या एका कोपऱ्यात मुरमाखाली मऊ चिकणमाती निघाली, तिथला पाया मी खोल नेला आणि शिव्या देत नेला. शेजारचं गोदाम दोन पावसाळ्यांत चिरलं. माझं उभं आहे. याबद्दल मी तुला कधी धन्यवाद म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू किती दिवस मिरवलं असतंस, या भीतीनं राहून गेलं. आज म्हणतो. खूप उशीर झाला, पण म्हणतो.

तुझा एक नियम होता, आणि तो तू मला इतक्यांदा ऐकवलास की माझ्या बायकोलाही पाठ आहे. एका रेघेवर विश्वास ठेवायचा नाही. एक उभी मारायची, तिला छेदणारी एक आडवी. "रेघेच्या खालचं दिसते, बाजूचं नाई दिसत. शितावरून भाताची परीक्षा घरी चुलीपाशी करायची, ठेकेदार. जमिनीत नाही." दर वेळी मी म्हणायचो की दुसऱ्या रेघेत माझा दिवस जातो. दर वेळी तू दुसरी रेघ मारायचीसच.

आणि तुझ्याच गावात, आंधळगावाहून पुढं तुमच्या घरच्या धानाच्या शेतात, बांधीत, तू एकच मारलीस.

वस्तीच्या वाचनालयाची ती जागा. तुझ्या घरच्यांनी आपल्या दोन बांध्या दिल्या होत्या, मधोमध जुना रुंद धुरा, चालता येईल असा उंच बांध. पश्चिमेच्या बांधीत हलकं धान, पूर्वेच्या बांधीत भारी, उशिरा निघणारं. इमारत दोन्ही बांध्यांवर मिळून, म्हणजे धुरा बरोबर तिच्या मधून जाणार. भादव्यात तू आलीस तेव्हा दोन्हीकडे धान गुडघ्याच्या वर आलं होतं. तू धुऱ्यावरून चालत गेलीस आणि धुऱ्यावरच खुट्या ठोकल्यास, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धक्का झपाट्यानं गेला. खाली मुरूम, त्याच्या खाली खडक, जागा पक्की. तू केबल गुंडाळायला लागलीस. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, "आणि आडवी रेघ?"

तू माझ्याकडे पाहिलंसही नाही. "पुरे हाय एवढी."

"तुझाच नियम आहे ना?"

"तू मले शिकवतं का आता? उभं धान हाय, दिसत नाही? गुणवंत, आजवर दुसऱ्या रेघेच्या नावानं बोंबलत आला, आणि आज माह्याच गावात तुले ती पायजे?"

गुणवंत म्हणालीस, म्हणून मी गप्प बसलो. पेटी गाडीत टाकली आणि मनात म्हटलं, बरं झालं, दिवस वाचला. आंधळगावला थांबून आपण आलूबोंडे खाल्ले, तू नेहमीसारख्या गप्पा मारल्यास, पण हात धुताना परत एकदा मागं वळून आलो त्या रस्त्याकडे पाहिलंस. ते मला आत्ता आठवतं.

मग कावीळ. आधी गावठी औषध, मग भंडारा, मग नागपूर. तुझा फोन आला तेव्हा मी तुमच्याच जागेवर होतो. पश्चिमेच्या बांधीतलं हलकं धान निघालं होतं, आम्ही तिथं खड्डे घेतले होते आणि मुरूम छान लागला होता. तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मला खणायचं मशीन बंद करायला लावावं लागलं. तू तब्येतीचं काही बोललीच नाहीस. म्हणालीस, "पुरबेच्या अंगानं रेघ मार. आडवी. धुरा ओलांडून."

मी चिडलो. खरंच चिडलो. "रिपोर्ट तुझा आहे. जागा पक्की म्हणून तू लिहून दिलंस. लोखंड येऊन पडलंय. आता उभ्या धानातून रेघ मारू? तेव्हा मी म्हटलं होतं तर माझ्यावर खेकसलीस."

 तू एकदम वेगळंच सांगायला लागलीस. लहानपणाचं. मला वाटलं, ताप डोक्यात गेला. मी मध्येच म्हटलं, "तू आधी बरी होऊन ये, मग भांडू." तू म्हणालीस, "मी आली की भांडू. पण रेघ मार." आणि फोन ठेवलास. त्याच आठवड्यात तू गेलीस.

आता पुढचं ऐक, कारण ते तुला माहीत नाही.

तुझ्या भावानं, आनंदनं, ठरवलं की तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच पाया भरायचा. वाचनालयाला तुझं नाव द्यायचं. भंतेजींना निरोप गेला, गावानं मांडव ठरवला, आनंद माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, ताईनं पाहून ठेवलेली जागा हाय. आता आमाले कोणाले विचारायची गरज नाही." त्याचे डोळे सुजलेले. मी काय बोलणार होतो? की तुझ्या ताईनं पाहिलेली जागा अर्धीच पाहिलेली आहे? अर्धी इमारत कडक जमिनीवर आणि अर्धी मऊ जमिनीवर उभी राहिली तर ती मधून फाटते, आणि ती फाटेल तेव्हा आत तुमच्या वस्तीतली पोरं पुस्तकं घेऊन बसलेली असतील. बोललो तर मेलेल्या माणसाची चूक काढणारा मी. त्यातून मी मोहाडीच्या विणकरांच्या घरचा. तुमच्या घरात इतकी वर्षं जेवलो, पण अशा वेळी माणूस बाहेरचा व्हायला काही वेळ लागत नाही. आणि फोनवर तू जे बोललीस ते ऐकणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी नव्हता.

मनात एक वाटही काढली होती, ती लपवत नाही. गुपचूप पूर्वेकडचा पाया खोल घ्यायचा, कुणाला काही सांगायचं नाही. साप मरेल, काठी तुटणार नाही. पण किती खोल? त्या बाजूला काय आहे हेच माहीत नाही तर खोल कशाच्या मापानं न्यायचं? हा प्रश्नही तूच माझ्या डोक्यात भरून ठेवलेला. तू नसतीस भेटली तर मी बिनघोर बांधून मोकळा झालो असतो.

पुण्यानुमोदनाच्या दोन दिवस आधी, दिवेलागणीला विहारात सगळे बसले होते. कार्यक्रमाचं ठरत होतं, खुर्च्या कुठं, फोटो कुठं ठेवायचा. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "परवा पाया भरता येणार नाही. एक रेघ राहिली आहे."

आनंदला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उठला. "म्हणजे ताईचा सर्व्हे चुकला म्हणतं तू?"

"तीच म्हणाली. फोनवर."

"ते मरून राहिली होती आन् तुले फोन करून आपली चूक सांगे? आमाले नाही सांगत, तुले सांगे?" मागून एकजण म्हणाला, "ठेकेदाराले तारीख ढकलायची असंल." दुसऱ्यानं म्हटलं, "पोट्टी गेली तं आता तिच्या नावावर कायबी खपते." माझे कान तापले. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं ओरडून म्हणायचं होतं.  खिशातला खर्रा चाचपडत होतो, विहारात आहोत हेही विसरलो.

तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. तू गेल्यापासून ती कुणाशी नीट बोलली नव्हती. ती म्हणाली, "थांबा रे." मग मला, "काय म्हणे ते? तिच्या तोंडचं सांग. तुह्या मनचं काही नोको घालू."

मग मी ते सांगितलं, जे मला तापातली बडबड वाटलं होतं. शब्दाला शब्द आठवेल तसं. म्हटलं, "मावशी, ती म्हणाली, 'मी लहानपणी परीक्षेचा निकाल दाखवाले मायकडं धावत गेली, उभ्या धानातून. मायनं निकाल पाहिलाच नाही. जेवढं धान चेंदलं तेवढं एकेक रोप उभं कराले लावलं. तवापासून माहा पाय धानात पडतच नाही रे. त्या दिवशीबी मी धुऱ्यावरूनच चालली. धानाले भिऊन चालली, आन् तुले म्हटलं पुरे हाय.'"

 आनंद आईकडे बघत होता. त्यानं हे कधी ऐकलेलं नव्हतं, ते दिसतच होतं. मावशीनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "पयली आली होती ते. वर्गात पयली. संध्याकाळी तिच्या बापानं सांगतलं तवा मले मालूम झालं. मी तिले कधी काही म्हटलं नाही, तिनंबी मले नाही." मग आनंदकडे वळून, "हे कोणाले मालूम नाही. हा खोटं नाही बोलून राहिला."

करुणा, तेव्हा मला रडू आलं. तुझ्या चुकीचं कारण कळलं म्हणून नव्हे, ते तर तू सांगितलंच होतंस. तू ते मला सांगितलंस आणि मी म्हटलं, बरी हो, मग भांडू. तुला त्या वेळी भांडायचं नव्हतंच.

आनंद तरी अडून होता. "पण माय, पुरबेची बांधी भारी धानाची हाय. अजून दाणा भरला नाही पुरा. कापणीले वेळ हाय. त्यातून रेघ कशी मारन?"

मावशी म्हणाली, "सकाळी मी येतो."

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ती बांधीत उतरलेली होती. धुऱ्यापासून पूर्वेच्या टोकापर्यंत, माणूस चालेल एवढ्या रुंदीचा पट्टा ती विळ्यानं कापत निघाली होती. धान हिरवटच होतं. कापलेला कडपा ती धुऱ्यावर नीट रचून ठेवत होती, वाया जाणारं धान असूनही नीट. मी विळा मागितला, दिला नाही. वस्तीतल्या दोघीतिघी उतरायला लागल्या, तर म्हणाली, "नोको. हे माह्यं हाय." चिखल होता, ती दोनदा घसरली. पट्टा पूर्ण होईपर्यंत तिनं कमर सरळ केली नाही. आम्ही सगळे, आदल्या संध्याकाळचे ते दोघे बोलणारेही, धुऱ्यावर उभे राहून बघत होतो.

मशीन घेऊन नागपूरहून तुला शिकवलेले सर आले होते. त्यांना रात्रीच फोन करून बोलावलं होतं. फोनवर तुझं नाव घेतल्यावर त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. खुट्या मी ठोकल्या. पश्चिमेच्या रिकाम्या बांधीतून, धुरा ओलांडून, तुझ्या आईनं केलेल्या वाटेनं पूर्वेच्या टोकापर्यंत. पाट ठेवला. हातोडा आनंदनं माझ्या हातातून घेतला. 

ओरडायचं काम कुणाचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हालू नोका." मागं ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. धुऱ्यावरची बाया-माणसं, रस्त्यावर सायकल धरून थांबलेले दोघे कामगार, मांडववाला, सगळे जागच्या जागी थांबले. तुझी आई धान हातात घेऊन तशीच उभी राहिली. आनंदनं हातोडा मारला.

पश्चिमेच्या अंगाला धक्का पळत गेला. धुऱ्याखालूनही पळत गेला. धुरा ओलांडला आणि रेंगाळला. सरांनी टोकं बदलून पुन्हा पुन्हा मारायला लावलं, आणि दर वेळी तेच. मग त्या पट्ट्यात, जिथं धक्का सगळ्यात हळू होता, तिथं खड्डा घेतला. वर माती, मग काळा गाळ, आणि गाळात गोगलगायींचे पांढरे शंख. जुनी बोडी, पाणी साठवायचं लहान तळं. कुणीतरी कधीतरी ती बुजवून बांधी केली होती, आणि आपण ज्याला धुरा म्हणत होतो ती त्या बोडीची पाणी अडवणारी पार होती. तू पारीवर रेघ मारली होतीस. पार पक्कीच असते. शंख बघितल्यावर मग दोघाचौघांना आठवलं की हो, इथं बोडी होती असं आजा सांगे. गावाची आठवण अशीच, खड्डा खणल्यावर येते.

मावशीनं विचारलं, "पक्की हाय का?"

"नाही मावशी. या बाजूनं पोली आहे, मऊ गाळ आहे."

ती मान हलवून म्हणाली, "बरं झालं तिनं सांगतलं." आणि खड्ड्याजवळ बसून एक शंख उचलून पदराला पुसला.

वाचनालय आता पूर्ण पश्चिमेच्या बांधीत सरकवलंय. थोडं लहान होईल. पूर्वेची बांधी मावशीचीच राहील, तिथं पुढच्या वर्षीही धान लागेल. आजचा कार्यक्रम झाला, पाया भरला नाही. भंतेजी येऊन गेले, तुझा फोटो धुऱ्यावर ठेवला होता. आनंदनं माईकवर सांगितलं की ताईनं जाता जाता आपली चूक दुरुस्त करवून घेतली. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला पहिल्यांदा हलकं वाटलं. "कधी चुकला नाही" हे वाक्य आज कुणी म्हटलं नाही. तुला ते कधी आवडलंही नसतं, असं मला वाटतं. पण खात्री नाही. तुझी खुशामत तुला आवडायची, खोटं कशाला बोलू?

त्या भादव्यातल्या भांडणात मी बरोबर होतो. हे तू कबूल करायचं राहिलं, आणि आता राहीलच. मला ते जिंकणं नकोय. मी रोज हरायला तयार आहे, तू फक्त केबल गुंडाळत माझ्यावर खेकस.

एक मात्र सांगतो. काल सगळं आवरल्यावर सरांनी मला जवळ बोलावून पडदा दाखवला. म्हणाले, एवढी माणसं भोवती असताना इतका स्वच्छ रेकॉर्ड त्यांनी क्वचित पाहिलाय, कुठंही कुणाचं पाऊल नाही. मी वाकून शोधलं. पाटाजवळची खुटी, तिथंच मी उभा होतो. ती रेघ सरळ होती, करुणा. माझा डावा पाय त्यात कुठंच नव्हता.